नसलेल्या तळ्याचं वर्णन

बालीवर मी पहिला मजकूर लिहिला तेव्हा विमानतळ फक्त बाहेरून पाहिलेला, तोही बहिणीच्या नवऱ्याला सोडायला गेलेले म्हणून. डोंबिवली पूर्वेला चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं टूर्सचं ऑफिस. तिथे मी बुकिंगचे फोन घ्यायचे आणि फोन वाजत नसेल तेव्हा माहितीपत्रकं लिहायचे. साहेबांचं म्हणणं, मराठी माणसाला मराठीत वाचायला मिळालं की तो लवकर निर्णय घेतो. माझं मराठी बरं होतं, कारण त्याआधी मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे.

साहेब मला फोटो पाठवायचे आणि खाली लिहायचे, 'चार ओळी, मस्त पाहिजेत.' मग मी फोटोकडे बघत चार ओळी लिहायचे. समुद्र असेल तर निळाशार, झाडं असतील तर हिरवीगार, देऊळ असेल तर प्राचीन. मी दिवा स्टेशनच्या बाजूला राहते. आमच्या बिल्डिंगीत सकाळी पाऊण तास पाणी येतं, तेही आलं तर. पिंपं भरून, उरलेल्या एका बादलीत अंघोळ उरकून मी ऑफिसला यायचे आणि लिहायचे, 'खोलीच्या दारातून थेट पोहण्याच्या तलावात उतरा.' लिहिताना माझी मलाच चीड यायची. पण चीड आली म्हणून ओळी थांबायच्या नाहीत. सवय झालेली.

त्यातला एक फोटो सगळ्या टूरवाल्यांकडे असतो. बालीच्या पूर्वेला डोंगरावर एक देऊळ आहे. त्याचं दगडी दार मधोमध चिरल्यासारखं दोन भागांत उभं. त्या फटीतून लांबवर ज्वालामुखी दिसतो. फोटोत दाराच्या पायाशी काचेसारखं तळं आहे आणि दार, आकाश, मधे उभा असलेला माणूस, सगळं त्यात उलटं उतरलेलं. मी साहेबांना विचारलेलंसुद्धा, "सर, हे तळं केवढं आहे? नाव काय त्याचं?"

ते मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले, "फोटोत दिसतंय ना? दिसतंय तेवढं लिही."

मी लिहिलं, 'स्वर्गाच्या दारापाशी शांत तळं आहे. त्याच्या काठावर घटकाभर बसा, शहराचा सगळा शीण पाण्यात सोडा.' हे काठावर बसणं फोटोत कुठेच नव्हतं. ते मी माझ्या मनाचं घातलं. साहेब खूश झाले. पुढची तीन वर्षं ते वाक्य तसंच छापलं गेलं.

मग एका दुपारी काकी आल्या. कल्याण-शीळ रस्त्याच्या आतल्या बाजूच्या एका गावातल्या. त्यांच्या भातशेतीवर आता टॉवर उभे आहेत आणि त्यातल्याच एकात चौदाव्या मजल्यावर त्या राहतात. सोबत मुलगा होता. त्याला आईला परदेश दाखवायचा होता. तो साहेबांशी विमानाचं बोलत बसला, आणि काकी सरळ माझ्या टेबलापाशी आल्या. हातात आमचं माहितीपत्रक, त्याच पानावर दुमडलेलं.

"बाय, ये तूच लिवलास ना? तो साहेब बोलला."

"हो काकी."

"नातीनं वाचून दाखवला मना. या तलावान पाय सोरून बसाला मिलल का?"

मी हसले. मला वाटलं गंमत करतायत. पण त्या उत्तराची वाट बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "आमचे गावान तलाव होता. शेतावरशी आलू का सगल्या बायका पाय धुवाला तिथं. घटकाभर बसाचू, मंग घरा. आता त्याला रेलिंग लावलाय, लाइटी लावल्यान. पानी नुसता बघाचा."

त्या वेळी माझ्यासमोर काश्मीरचं प्रूफ पडलेलं आणि छापखान्यातून दोनदा फोन येऊन गेलेला. मी सांगू शकले असते की मला माहीत नाही, विचारून सांगते. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "हो काकी, मिळेल की. त्यासाठीच तर तिथे नेतात."

त्यांनी पत्रक घडी करून पर्समध्ये ठेवलं.

काकींचा गट निघायच्या आठवडाभर आधी आमच्या टूर मॅनेजरबरोबर जाणाऱ्या मुलीला कावीळ झाली. दुसरं कोणी मोकळं नव्हतं. साहेब म्हणाले, "तू जा. पासपोर्ट आहे ना?" पासपोर्ट मी बहिणीच्या नादाने कधीतरी काढून ठेवलेला, कोरा. घरी आले आणि वेड्यासारखी नाचले. इतकी वर्षं जिचं वर्णन लिहिलं ती जागा बघायला मिळणार होती. नवऱ्याने विचारलं, "तिथे तुझं काम काय?" मी म्हटलं, "लोक मोजायचे, बॅगा मोजायच्या आणि कोणाला काय हवं ते बघायचं."

काम तेवढंच होतं, पण तेवढ्यातच पाच दिवस संपले असते. उतरल्यापासून बसने फिरणं. समुद्र दिसायचा तो काचेतून, आणि काचेवर आधी बसलेल्या कोणाच्या तरी डोक्याचं तेल. मी लिहिलेलं एकेक ठिकाण पुढ्यात येत होतं आणि मी त्याकडे पाठ करून माणसं मोजत होते. समुद्रातल्या खडकावरचं देऊळ आलं, तेव्हा मी एका आजोबांची हरवलेली टोपी शोधत होते. सूर्यास्ताला कड्यावर शंभरएक पुरुष गोलात बसून तोंडाने ताल धरत रामायण नाचतात. मी त्यावर अर्धं पान लिहिलेलं. तो नाच चालू असताना मी स्वच्छतागृहाबाहेर तीन जणींच्या पर्सा धरून उभी होते. आवाज ऐकू येत होता. फक्त आवाज.

काकी मात्र सगळं बघत होत्या. त्या फार बोलायच्या नाहीत. हॉटेलच्या दारात रोज सकाळी एक मुलगी नारळाच्या पात्यांची छोटी टोपली ठेवायची, त्यात फुलं, भाताची चार शितं, एक उदबत्ती. आमची माणसं त्यावरून ढांगा टाकून जायची. काकी बाजूने जायच्या आणि जाताना हात जोडायच्या. बसमध्ये मला दोनदा विचारून झालेलं, "तलाव कनच्या दिवशी?"

"तिसऱ्या, काकी."

तिसऱ्या दिवशी पहाटे निघून तीन तास बस. पायथ्याशी बस सोडून छोट्या गाड्यांतून वर. कमरेला लुंगीसारखं वस्त्र गुंडाळायचं, हातात नंबरचं टोकन घ्यायचं आणि मांडवात बसायचं. आत बघते तर दार होतं, आकाश होतं, ज्वालामुखी ढगात गेलेला. दारापुढे फरशीचं मोकळं अंगण. सपाट, कोरडं. तळं कुठेच नव्हतं.

मला आधी वाटलं, आपण चुकीच्या बाजूला आलोय. मी त्या अंगणाला वळसा घालून आले. मग टोकनच्या रांगेच्या तोंडाशी स्टुलावर बसलेला एक माणूस दिसला. नंबर आला की लोक आपला मोबाइल त्याच्या हातात द्यायचे आणि पळत जाऊन दारात उभे राहायचे. तो मोबाइलच्या भिंगाखाली हाताएवढा आरसा आडवा धरायचा. आरशात दार उलटं दिसायचं आणि फोटोत तळं तयार व्हायचं. "नेक्स्ट पोज," तो ओरडायचा. लोक उडी मारायचे. "नेक्स्ट."

हेच तळं मी छापलेलं. तीन वर्षं, प्रत्येक पत्रकात.

टूर मॅनेजरला हे माहीत होतं. तो या जागी दहा-बारा वेळा आलेला. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "इथे तळं नाहीये."

"मग?"

"मग म्हणजे? आपण छापलंय. तू कधी सांगितलं का नाहीस?"

"ताई, तुम्ही लिहिता, मी फिरवतो. आणि फोटोत येतंय ना." एवढं बोलून तो टोकनं वाटायला गेला.

आमचा नंबर यायला अडीच तास लागले. माणसं कंटाळली, पण चिडलं कोणी नाही. सगळ्यांना आरशाचं लगेच कळलं आणि सगळ्यांनी फोटो काढून घेतले. काकी मांडवाच्या कडेला चपला काढून बसलेल्या. मी त्यांच्याजवळ जायचं टाळत होते. शेवटी त्यांनीच हाक मारली.

"बाय, तलाव कुठं हाय?"

मी त्यांच्याशेजारी बसले. म्हटलं, "काकी, तळं नाहीये. तो माणूस आरसा धरतो, त्यात दिसतं."

त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तू बघला नव्हतास?"

"नाही."

"मंग लिवलास कसा?"

मी सॉरी म्हणाले. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नंबर आला तेव्हा मुलगा दंडाला धरून त्यांना दारापर्यंत घेऊन गेला. त्या सरळ उभ्या राहिल्या, हात खाली. "नेक्स्ट पोज" झालं तरी तशाच. मग परत आल्या, चपला घातल्या. परतीच्या तीन तासांत बसमध्ये त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही आतल्या भागात चाललेलो. कार्यक्रमात लिहिलेलं: पायऱ्यांची भातशेती, फोटो स्टॉप, वीस मिनिटं. मग चांदीच्या दागिन्यांचं दुकान, मग भारतीय जेवण. तिथे पोचायच्या आधीच एका गावाजवळ बस थांबली. पुढून मिरवणूक येत होती. पांढरे सदरे घातलेले, डोक्याला फडकं बांधलेले पुरुष पितळेची वाद्यं बडवत पुढे. मागे बायकांची लांब रांग, प्रत्येकीच्या डोक्यावर फळांचा आणि मिठाईचा हातभर उंच मनोरा. एकीचाही हात वर नव्हता, नुसत्या मानेवर तोललेलं. पिवळ्या-पांढऱ्या छत्र्या, धूप, लहान मुली नटूनथटून. कुठल्या तरी देवळाचा वार्षिक उत्सव आहे, असं स्थानिक वाटाड्याने सांगितलं, आणि रस्ता तासभर तरी बंद राहील.

बसमध्ये एकदम कालवा झाला. ठाण्याचे एक काका उठून पुढे आले. "तासभर? मग लंचचं काय? आणि चांदीचं दुकान? तुम्ही दुसरा रस्ता का नाही घेतला?"

मी म्हटलं, "काका, बघा ना बाहेर. किती सुंदर आहे. आपण खाली उतरू या का?"

"अहो, मिरवणुका आमच्याकडे काय कमी असतात? त्यासाठी एवढ्या लांब आलो का आम्ही?"

मला त्यांना हलवून सांगावंसं वाटलं की हो, नेमकं याच्यासाठीच. 'बालीची जिवंत संस्कृती' म्हणून मी जे छापते ते हेच, आणि आज ते कार्यक्रमात नसताना समोरून चालत येतंय. पण मी पगारी माणूस. मी एसी वाढवायला सांगितलं आणि बिस्किटं वाटली.

बिस्किटं वाटताना लक्षात आलं की काकी जागेवर नाहीत. मुलगा कानात इअरफोन घालून झोपलेला. मी खाली उतरले. रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला साधीच भातखाचरं होती, फोटोतल्यासारखी पायऱ्यांची वगैरे नाहीत. पाण्याने भरलेली. दोन बायका आणि एक म्हातारा वाकून लावणी करत होते. बांधाच्या कोपऱ्यावर छोटंसं दगडी देवघर. काकी साडी गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उभ्या होत्या.

मी धावत बांधापर्यंत गेले. "काकी, अहो! बाहेर या, पडाल."

"परन्याची नय मी," त्या वर न बघता म्हणाल्या. त्यांच्या डाव्या हातात रोपांची जुडी होती. ती त्या बायकांपैकी कोणी दिली की यांनी मागून घेतली, कोण जाणे. दोन-तीन काड्या चिमटीत धरून त्या चिखलात रोवत होत्या आणि मागे सरकत होत्या. हात इतका झरझर चालत होता की मी बघतच राहिले. वर्षभरापूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ते बुकिंगच्या फॉर्मवर मीच लिहून घेतलेलं.

शेजारच्या बाईने काहीतरी म्हटलं. काकींनी मराठीत उत्तर दिलं. त्या बाईने काकींचं एक रोप उपटून जवळ, अगदी ओळीत लावून दाखवलं. काकींनी मान हलवली, तेच रोप परत उपटलं आणि थोडं लांब लावलं. मग दोघी हसायला लागल्या. म्हातारासुद्धा कमरेवर हात देऊन हसला.

"लय जवल लावतान ही," काकी मला म्हणाल्या. तळ्यानंतर माझ्याकडे बघून बोललेलं ते पहिलं वाक्य. "रोपाला दम घ्यावाला जागा पायजे. पन माती बेस हाय. आमचीशी हाय."

मी चपला काढून बांधावर बसले. रस्त्यावरून वाद्यांचा आवाज येत होता. मी माणसं मोजत नव्हते. पाच दिवसांत मला बाली दिसली ती तेवढीच, वीस-पंचवीस मिनिटं असेल. मग टूर मॅनेजर बसच्या दारातून ओरडायला लागला. रस्ता लवकर मोकळा झालेला. मुलगा जागा होऊन धावत आलेला आणि आईवर करवादत होता. "आये, काय हे? लोक बघतायत! आपली शेती विकून दहा वर्षं झाली, अजून तुझं हे जात नाय." काकी उरलेली जुडी बांधावर ठेवून बाहेर आल्या. त्या बाईने पाटाच्या पाण्याने त्यांचे पाय धुतले, काकी नको नको म्हणत असताना. बसमध्ये चढल्यावर कोणीतरी म्हणालं, "चिखल लागतोय हो सीटला." चांदीच्या दुकानात आम्ही दीड तास होतो.

परत आल्यावर मी रजेचा एक दिवस घालवून नवीन मजकूर लिहिला. तळं काढलं. दारासमोर अंगण आहे, रांग मोठी असते, ढग नसतील तर ज्वालामुखी दिसतो, असं साधं लिहिलं. मिरवणूक लिहिली. शेतात सकाळ घालवण्यासाठी अर्धा दिवस ठेवावा, असं सुचवलं. साहेबांनी उभ्याउभ्या वाचलं.

"हे काय? भातशेती बघायला बालीला कोण जाईल? शीळफाट्याच्या पलीकडे भरपूर आहे."

"आता नाहीये सर तिथेही. आणि तळंही नाहीये. आपण खोटं छापतोय."

"कोणी तक्रार केली? एकाने तरी? फीडबॅक फॉर्म बघ. तक्रार एकच आहे, तू बस उशिरा सोडलीस." त्यांनी कागद परत दिला. "तळं राहू दे. काठावर बसण्याचं हवं तर काढ."

काढायला सांगितलेलं वाक्यसुद्धा पत्रकात तसंच राहिलं. छापखान्याकडे जुनी फाइल होती, तीच छापून आली.

मग मी एक उद्योग केला. पुढच्या गटाची यादी माझ्याकडे होती. दुपारी साहेब जेवायला गेले की मी एकेकाला फोन करून सांगायचे की त्या देवळापाशी तळं नाही, फोटोसाठी आरसा धरतात, तुम्हाला आधी माहीत असावं. मला वाटलेलं, लोक भडकतील, बुकिंग रद्द करतील, माझी नोकरी जाईल. मी त्याची तयारी ठेवलेली. पहिल्याच फोनवर कल्याणची एक मुलगी म्हणाली, "हो मॅडम, माहितीये. रील बघितलंय आम्ही. पण फोटो भारी येतो ना?" दुसऱ्यांनी विचारलं, रांगेत पुढचा नंबर मिळवून द्याल का? सगळ्यांची उत्तरं थोड्याफार फरकाने अशीच. पाचव्या-सहाव्या फोननंतर मी यादी बंद केली. इतकी हताश मी कधी झाले नव्हते. ज्या खोट्यापायी मी रात्र रात्र जागले, ते खोटं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते कोणालाच टोचत नव्हतं. ते फक्त एकीला ठाऊक नव्हतं.

म्हणून एका रविवारी रिक्षा करून मी काकींकडे गेले. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर तोच फोटो, मोठा करून फ्रेममध्ये. दगडी दार, हात खाली सोडून उभ्या काकी आणि पायाशी चकचकीत पाणी. मुलाने लावलेला.

"येनारे बायका इचारतान, पानी थंड होता का?" काकी म्हणाल्या.

"तुम्ही काय सांगता?"

"काय सांगू? पोरान हौसेनी लावलाय. थंड होता, सांगते." त्या उठून आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. मी माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी हाताने थांबवलं. "आता बास. तुजे एकलीचा काय? तूपन दुसऱ्याचाच बघून लिवलास." मग शेतातल्या त्या बाईबद्दल बोलत राहिल्या. तिचा पत्ता घ्यायला हवा होता, म्हणाल्या. निदान नाव तरी. मी टूर मॅनेजरकडे विचारून बघते म्हटलं, पण ते गाव कुठलं, हे त्यालाही सांगता आलं नाही. बस मधे कुठेतरी थांबलेली, एवढंच.

पुढच्या सीझनला साहेबांनी श्रीलंकेचे फोटो पाठवले. 'चार ओळी, मस्त पाहिजेत.' मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की न बघितलेल्या जागेवर मी यापुढे लिहिणार नाही. ते हसले. "मग तुला सगळीकडे फिरवू का?" मी म्हटलं, "नका फिरवू. दुसरं काम द्या." त्यांना वाटलं दोन दिवसांत ताळ्यावर येईन. मी आले नाही. आता पत्रकं त्यांचा भाचा कॉम्प्युटरकडून लिहून घेतो, पाच मिनिटांत, आणि मी व्हिसाचे फॉर्म भरते. जन्मतारीख, आडनावाचं स्पेलिंग, आधी कुठे प्रवास केला होता का. पगार तेवढाच आहे. ऑफिसात माझ्या मागे मला 'सत्यवती' म्हणतात, हे मला माहीत आहे. परवा एक जोडपं आलं, लग्न ठरलेलं. मुलीने पत्रक पुढे करून विचारलं, "मॅडम, ही श्रीलंकेतली चहाच्या मळ्यांतली ट्रेन खरंच अशी असते?"

"मी गेलेले नाही," मी म्हटलं. "मला माहीत नाही."

ती पत्रक घेऊन भाच्याच्या टेबलाकडे गेली. तो खुर्ची सरकवत म्हणाला, "बसा ना. एकदम अशीच असते."